काडी, राखुंडी, मशेरी आणि ब्रश



दशलक्षण पर्व जवळ आले की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. उपवासाच्या दिवशी दात घासावेत की नाही? विचारणारीच पुढे म्हणते, "मुनिमहाराज तर दीक्षेनंतर कधीच दात घासत नाहीत, मग आपण चार दिवस नाही घासले तर काय बिघडते?" मंदिराच्या ओट्यावर याचे उत्तर दोन वाक्यांत देता येते, पण ते पटत नाही. म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहिते. आपल्या घरांत दात कशाने घासले जात होते, त्यातले काय धर्मातून आले, काय रूढीतून आले आणि काय नुसतेच व्यसन होते, हे एकदा नीट पाहिले की उत्तर आपोआप सापडते.

मुनींचा नियम आणि श्रावकाचा नियम

दिगंबर मुनींचे २८ मूलगुण आपण पाठ केलेले असतात. पाच महाव्रते, पाच समिती, पाच इंद्रियनिरोध, सहा आवश्यके आणि उरलेले सात. या सातांत केशलोच, नग्नत्व, अस्नान, भूमिशयन, अदंतधावन, उभ्याने आहार आणि दिवसातून एकदाच आहार हे येतात. वट्टकेरांच्या 'मूलाचारा'त आणि कुंदकुंदाचार्यांच्या 'प्रवचनसारा'त हे मूलगुण सांगितलेले आहेत. श्वेतांबर परंपरेच्या 'दशवैकालिक सूत्रा'तही साधूंनी न करण्याच्या गोष्टींमध्ये दात घासणे येते. म्हणजे साधूंच्या बाबतीत दोन्ही परंपरांचे सांगणे एकच आहे.

पण अदंतधावन त्या यादीत एकटे नाही, हे आपण विसरतो. त्याच्या शेजारी एकभुक्ती आहे. जे महाराज दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत घेऊन, मोजके घास खातात, त्यांच्या तोंडात सकाळचा चहा-बिस्कीट नाही, अकराचा लाडू नाही, चारची चिवड्याची वाटी नाही की रात्रीचे दूध-साखर नाही. शरीराची सजावट सोडली, तशी जिभेची हौसही सोडली. आपण एकभुक्ती न घेता नुसते अदंतधावन घेतो, तेव्हा तो मूलगुण राहत नाही. तो फक्त आळस राहतो, आणि वर धर्माचे नाव लागते.

मग श्रावकाने काय करावे? याचे सुंदर उदाहरण 'उपासकदशांग' या आगमात आहे. वाणिज्यग्रामातला आनंद हा मोठा सधन गृहस्थ. तो भगवान महावीरांकडे श्रावकाची बारा व्रते घेतो, आणि रोजच्या वापरातल्या एकेका वस्तूला मर्यादा घालतो. अंग पुसायचे वस्त्र कोणते, फळ कोणते, अंगाला लावायचे तेल कोणते, मुखवास कोणता, अशी ती यादी आहे. त्यात दातणही आहे. आनंद श्रावक दात घासणे सोडत नाही. तो म्हणतो की ज्येष्ठमधाच्या ओल्या काडीशिवाय दुसरे दातण वापरणार नाही.

मला हे फार मोलाचे वाटते. साधूने त्याग केला आणि श्रावकाने मर्यादा घातली. आपल्या मोरीतल्या फळीवर आज तीन प्रकारच्या पेस्ट, दोन मंजने आणि एक रंगीत माउथवॉश असतो, तेव्हा आनंद श्रावकाची ती एक काडी आठवावी. गंमत म्हणजे ज्येष्ठमधातल्या काही घटकांचा दात किडवणाऱ्या जंतूंवर परिणाम होतो, हे अलीकडे प्रयोगशाळांमधूनही दिसले आहे.

काडीचे दिवस

काडीने दात घासण्याची पद्धत आपल्या देशात सगळ्या पंथांत होती. 'चरकसंहिते'त दिवसातून दोन वेळा दात स्वच्छ करायला सांगितले आहे. तुरट, तिखट किंवा कडू चवीची काडी घ्यावी, तिचे टोक चावून कुंचल्यासारखे करावे आणि हिरड्यांना इजा न होईल अशा बेताने घासावे, असे तिथे म्हटले आहे. करंज, कण्हेर, रुई, अर्जुन, असाणा अशा झाडांची नावे दिली आहेत. जीभ घासायची पट्टी सोने, चांदी, तांबे, कथील किंवा पितळेची असावी, असेही सांगितले आहे. 'सुश्रुतसंहिते'त तर मापच दिले आहे. काडी बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढी जाड असावी. कडू झाडांत कडुनिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ. सुश्रुतांनी दंतचूर्ण मधात कालवायला सांगितले आहे, ते मात्र आपल्याला चालणारे नाही.

सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी बौद्ध भिक्षू भारतात आला आणि नालंदेला बरीच वर्षे राहिला. इथले भिक्षू रोज सकाळी काडी चावून दात कसे घासतात, मग तीच काडी चिरून, वाकवून जीभ कशी खरवडतात आणि शेवटी चूळ कशी भरतात, हे त्याने बारकाईने लिहून ठेवले. या सवयीमुळे भारतात दातदुखी फार कमी आढळते, अशी नोंदही त्याने केली.

यातले 'हिरड्यांना इजा न होईल अशा बेताने' हे शब्द पुन्हा वाचा. घासणे म्हणजे खरवडणे नव्हे, हे तेव्हाही माहीत होते. काडी हळूहळू चावावी लागते. तेवढ्या वेळात लाळ सुटते, आणि लाळ हेच दातांचे पहिले संरक्षण आहे. काडीच्या झाडाइतकाच तिला दिलेला वेळही कामाचा होता.

गांधीजींच्या दोन गोष्टी इथे सांगाव्याशा वाटतात. आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की दक्षिण आफ्रिकेत असताना सकाळी दात घासायला त्यांना १५ मिनिटे लागत. तेवढ्या वेळात समोरच्या भिंतीवर चिकटवलेले गीतेचे श्लोक ते पाठ करत. दुसरी आठवण काका कालेलकरांची. येरवड्याच्या तुरुंगात कालेलकर त्यांच्यासाठी कडुनिंबाची काडी आणत. एकदा वापरलेली काडी टाकू नका, चावलेले टोक कापा आणि उरलेली उद्या वापरा, असे गांधीजींनी त्यांना सांगितले. आवारात कडुनिंबाची कमी नव्हती, तरीसुद्धा! गरजेपुरतेच घ्यायचे, झाडाची फांदी उगाच मोडायची नाही, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको.

राखुंडी आणि दातवण

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात काडीच्या जोडीला राखुंडी आली. गोवऱ्या जाळायच्या, राख वस्त्रगाळ करायची, कुणी त्यात मीठ घालायचे, कुणी कापूर, कुणी कोळशाची पूड. डावा तळहात, त्यावर चिमूटभर राखुंडी आणि उजव्या हाताची तर्जनी, एवढ्यावर सगळ्या घराचे भागायचे. खर्च नाही आणि कचरा नाही. राखुंडीने दात पांढरे दिसत, कारण ती खरखरीत असते आणि वरचे डाग घासून काढते. पण तीच खर वर्षानुवर्षे दाताचे वरचे कवचही झिजवते. काही घरांत तर विटेची भुकटी वापरत, ती याहून वाईट. म्हातारपणी दात 'शिवशिवतात' असे आपण ऐकत आलो, त्यातला बराच भाग या झिजेचा असणार. आज बाजारात कोळशाची काळी पेस्ट नव्या रूपात मिळते. तिच्याबद्दलही हेच लक्षात ठेवा.

बायकांसाठी आणखी एक गोष्ट होती, दातवण. हिरड्यासारख्या तुरट फळाची पूड आणि हिराकस एकत्र केले की काळा रंग तयार होतो. जुनी लिहिण्याची शाई याच तत्त्वावर करत. ते दातांना लावून लग्न झालेल्या बायका दात काळे करत. तेव्हा काळे दात हे सौभाग्याचे लेणे मानले जाई. आज आपण पांढऱ्याशुभ्र दातांसाठी धडपडतो आणि एके काळी काळ्या दातांसाठी धडपडत होतो. दोन्ही वेळा आरशाकडे लक्ष होते, हिरड्यांकडे नव्हते.

मशेरी

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले, त्या गोष्टीकडे येते.

माझी आजी सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातली. कांदा-लसूण घरात येत नसे, पाणी गाळल्याशिवाय हंड्यात पडत नसे, सूर्यास्तानंतर तिने कधी अन्नाला हात लावला नाही. आणि कमरेच्या पिशवीत मशेरीची डबी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर, संध्याकाळी दिवाबत्तीआधी. कुणी विचारले तर उत्तर ठरलेले: "दातांसाठी आहे गं, दात घट्ट राहतात."

सप्तव्यसनांचा त्याग केलेल्या, तंबाखू खाणाऱ्या पुरुषांना नावे ठेवणाऱ्या बायका मशेरीला व्यसन मानत नव्हत्या, कारण ती दात घासण्याच्या नावाखाली घरात आली होती. ती फार जुनी आहे, पूर्वापार आहे, असेही सगळ्यांना वाटायचे. इतिहास तसे सांगत नाही. तंबाखूचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. ते पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले. अकबराचा दूत असद बेग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहासाठी नवलाची वस्तू म्हणून तंबाखू नेला होता. विजापूर आमच्या आजीच्या गावाहून काही फार लांब नाही. चरक-सुश्रुतांच्या झाडांच्या यादीत तंबाखू असणे शक्यच नव्हते, आणि आनंद श्रावकाला तर तो स्वप्नातही ठाऊक नव्हता.

मशेरीने दात घट्ट होत नाहीत. तिच्यातले निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात जाते. म्हणूनच लावली की बरे वाटते आणि नाही लावली की डोके दुखते. जिथे ती रोज दाबून लावतात, तिथली हिरडी मागे सरते, दाताचे मूळ उघडे पडते, कधी पांढरा चट्टा येतो. धूर न काढता वापरलेल्या तंबाखूनेही तोंडाचा कर्करोग होतो, हे आता जगभर सिद्ध झाले आहे. गरोदरपणी मशेरी लावणाऱ्या बायकांची बाळे कमी वजनाची होतात, हेही दिसून आले आहे. १९९२ मध्ये भारत सरकारने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी आणली. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा पोचत नाही.

आजीच्या गालाच्या आत असाच पांढरा चट्टा दिसला. डॉक्टर रागावले, मुले रागावली, तरी डबी सुटेना. शेवटी गावात चातुर्मासाला महाराज आले. त्यांनी तिला रागावून काही सांगितले नाही. "आजी, उद्या अष्टमी आहे. उद्यापुरता नियम घ्या," एवढेच म्हणाले. तिने घेतला. मग चतुर्दशीचा घेतला. मग प्रत्येक पर्वतिथीचा. मग दशलक्षणाच्या दहा दिवसांचा. त्या दहा दिवसांत ती फार चिडचिड करायची, सुनांवर ओरडायची आणि तोंडात वेलदोडा धरून बसायची. अकराव्या दिवशी तिने डबी उघडली नाही. चातुर्मास संपताना तिने आजन्म नियम घेतला. चट्टा हळूहळू फिका झाला. दात मात्र बरेचसे आधीच गेले होते.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात अशी डबी असेल, सासूबाईंची, काकूंची, कामाला येणाऱ्या मावशींची किंवा तुमची स्वतःची, तर लाजू नका आणि लाजवूही नका. एका दिवसाचा नियम मागा. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्ण उघडायला त्रास होत असेल, तर दंतवैद्यांना लगेच दाखवा.

ब्रश घरात कसा आला

ब्रश चीनमध्ये बराच आधीपासून होता. इंग्लंडमध्ये १७८० च्या सुमारास विल्यम अॅडिसने तो मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. दांडा जनावराच्या हाडाचा आणि केस डुकराचे! असा ब्रश आपल्या वाडवडिलांनी तोंडात घातला नाही, यात नवल ते काय? १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश विकायला आला. केस आणि दांडा दोन्ही प्राण्यापासून घेतलेले नसल्याने ही मोठी अडचण दूर झाली.

तरी ब्रशला घराघरांत पोचायला वेळ लागला. मधल्या काळात मंजनांचे राज्य होते. काळे मंजन, लाल मंजन, आणि १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईत सुरू केलेल्या विको कंपनीची वज्रदंती पावडर. बोट तेच राहिले, फक्त राखुंडीच्या जागी पावडर आली.

खरेदी करताना आपण एवढे मात्र पाहायला हवे. काही आयुर्वेदिक मंजनांत 'समुद्रफेन' असते. नाव ऐकून फेस वाटतो, पण ते कटलफिश या समुद्री जिवाच्या आतले कवच असते. ग्लिसरीन वनस्पतीतूनही येते आणि चरबीतूनही. शंखभस्म आणि मध यांच्याकडेही लक्ष ठेवा. पाकिटावर हिरवा ठिपका आहे का, हे बघायची सवय लावा.

मग पर्वात काय करावे?

१९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे पूर्ण थांबवले. दातांवर जंतूंचा थर साठत गेला आणि १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

या प्रयोगात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. निरोगी हिरड्या असतील तर एका उपवासाने काही बिघडत नाही. पण पर्वाच्या नावाखाली दोन-तीन आठवडे दातांकडे दुर्लक्ष केले तर हिरड्या सुजणारच. आणि सुजल्या, रक्त आले, तर घासणे थांबवायचे नसते. मऊ ब्रशने हळुवार घासत राहायचे असते.

मी स्वतः पाळते ते सांगते. कडक उपवास असेल तर आदल्या संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे शेवटचे जेवण झाल्यावर नीट दात घासते. पारण्यानंतर पुन्हा. उपवासात चूळ भरावी की नाही हे ज्यांच्याकडून नियम घेतला त्यांनाच विचारते. एकासन असेल तर जेवून झाल्यावर त्याच बैठकीत भरपूर चुळा भरते.

एरवीच्या दिवसांत दोन वेळा, मऊ ब्रशने, दोन मिनिटे. एक णमोकाराची जपमाळ मनात सुरू केली की घाई होत नाही. हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे ब्रश थोडा तिरका धरते. दातांच्या फटीतले अन्न दोऱ्याने काढते, टाचणीने नाही. खाल्ल्यावर दर वेळी चूळ. लिंबू-आवळा खाल्ला असेल तर आधी चूळ आणि अर्ध्या तासाने ब्रश. फ्लोराईडने दाताचे कवच बळकट होते, म्हणून ती पेस्ट घेते, मात्र लहान मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच देते. तीन महिन्यांनी, किंवा केस फाकले की त्याआधीच, ब्रश बदलते.

आणि सगळ्यांत मोठी सवय तर आपल्याकडे आधीपासूनच आहे. दर खाण्यानंतर तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते अर्धा ते एक तास दात पोखरत राहते. दिवसभर चरत राहिले तर लाळेला दुरुस्तीची संधीच मिळत नाही. झोपेत तर लाळ आणखी कमी होते. सूर्यास्तापूर्वी जेवण, त्यावर लगेच ब्रश, आणि सकाळपर्यंत तोंडात काही नाही, ही शिस्त जीवदयेसाठी सांगितली गेली. दातांना तिचा फायदा आपोआप मिळतो.

तेव्हा या पर्वात दात घासणे सोडायचा विचार मनात आलाच, तर त्याआधी मधल्या वेळचे खाणे सोडून पाहा. महाराजांच्या २८ मूलगुणांतला आपल्या आवाक्यातला तेवढा अंश आधी घेऊ या.

जय जिनेंद्र.